जाळीवर मगभर पाणी

"सही करून टाकते मॅडम मी. आणा तो कागद."

कमलताईंनी पेन उचललंसुद्धा होतं. माझं रामदासपेठेतलं ऑफिस, मे महिन्यातली दुपार, खिडक्यांचे पडदे ओढलेले, आणि टेबलावर कंपनीच्या वकिलांनी पाठवलेला सेटलमेंटचा ड्राफ्ट. मी पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. अशिलाच्या हातातून पेन हिसकावणं शिष्टाचारात बसत नाही. पण माझं डोकं सणकलं की मला शिष्टाचार आठवत नाहीत.

"वाचलंत का, काय लिहिलंय त्यात?"

"प्रणितानं वाचून दाखवलं. मी पाणी टाकलं म्हणून करंट लागला, असं लिहिलं आहे. मग खोटं काय आहे त्याच्यात? टाकलंच होतं ना मी."

प्रणिता, त्यांची मुलगी, शेजारच्या खुर्चीत बसली होती. उजवा हात ओढणीखाली. ती शांतपणे म्हणाली, "आई, तू सही केली तर मी त्यातला रुपयासुद्धा घेणार नाही."

"मग तुह्या हाताचं ऑपरेशन कशानं होईन वं?"

"नाही झालं तर नाही झालं."

"ऐका मॅडम! ऐकून राहिल्या न हिचं?" असं म्हणत कमलताईंनी पदराने मान पुसली. घामाने त्यांचा ब्लाउज भिजला होता. माझ्या ऑफिसात कूलर चालू होता, पण आल्या आल्या त्यांनी खुर्ची ओढून पार कपाटाच्या कोपऱ्यात नेली होती. तिथे वारा पोचत नाही. त्या दर वेळी तिथेच बसायच्या.

मी ग्राहक आयोगात वकिली करते. फ्रिज, फ्लॅट, विमा, बियाणं, जे बिघडतं ते माझ्याकडे येतं. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र निम्मी टेबलं कूलरने भरतात. पंखा हलतो, टाकी गळते, मोटार जळते. ह्या केसेस मी झोपेतही चालवू शकते, आणि दुपारच्या सुनावण्यांत कधीकधी तशाच चालवते. मला दुपारी झोप लागते. आता पन्नाशी उलटली तरी ती खोड गेलेली नाही. पण गजभिये मायलेकींची केस ऐकताना मला झोप आली नव्हती.

कमलताई कोराडीला राहतात. शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. प्रणिता इथल्याच एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होती. रक्त घ्यायची. तिचा हात फार हलका. सुई कधी टोचली ते कळायचं नाही. म्हातारे पेशंट तिची ड्यूटी विचारून यायचे आणि ती नसली तर उद्या येतो म्हणून परत जायचे. तिनेच पगारातून साठवून आईसाठी नवा कूलर घेतला. लोखंडी बॉडी, छान निळा रंग, जाहिरातीतला.

एका दुपारी लाइट गेली. बराच वेळ घर तापत राहिलं. लाइट आली, कूलर घरघरला. प्रणिता सकाळची ड्यूटी करून आली होती. ती कूलरसमोर उभी राहिली, समोरच्या जाळीवर हात टेकवून, केस मोकळे सोडून. आता कूलर म्हणजे काय ते नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. लोखंडी पेटी, खाली पाण्याची टाकी, तीन बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या गवताच्या जाळ्या, समोर पंखा आणि त्यापुढे लोखंडी जाळी. टाकीतला पंप पाणी वर चढवतो, ते गवतावर पाझरतं, ओल्या गवतातून येणारा वारा गार लागतो. पण कोरडं गवत भिजायला वेळ लागतो. तेवढा वेळ गरम वारा येतो. म्हणून कमलताईंनी बादलीतून मगभर पाणी घेतलं आणि डाव्या जाळीवर फेकलं. रोज फेकायच्या.

"पोरगी ओरडली नाही मॅडम," कमलताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "ओरडली असती तर मले समजलं असतं. डोळे मिटून उभी होती. मले वाटलं, गार वारा लागून राहिला, बरं वाटून राहिलं असन तिले."

हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. भिंतीकडे बघत होत्या.

मग त्यांना काहीतरी विपरीत दिसलं. त्यांनी कुंच्याच्या दांड्याने प्लग उडवला. प्रणिता खाली पडली. जीव वाचला. पण तळवा जळला आणि करंटने नसा गेल्या. उजव्या हाताची दोन बोटं वळायची थांबली. सुई धरायची तीच बोटं.

त्या दिवसापासून कमलताई कूलरच्या वाऱ्यात बसल्या नाहीत. पंखाही लावत नाहीत. कोराडीत, तिथल्या त्या उन्हात, पत्र्याच्या मागच्या खोलीत जमिनीवर ओलं फडकं घालून झोपतात. प्रणिताने समजावलं, शेजारच्या बायांनी रागावलं. त्या ऐकत नाहीत. "मीच माह्या पोरीचा हात जाळला," एवढंच म्हणतात. आणि त्यांना एक स्वप्न पडतं. त्यात प्रणिता तशीच उभी असते, डोळे मिटलेली, केस उडताहेत, खसाचा वास येतोय, सगळं कसं सुंदर आहे. आणि त्यांच्या हातात मग असतो. त्या ठरवतात की पाणी टाकायचं नाही. पण हात आपला आपणच उठतो.

"हात ऐकतच नाही मॅडम," त्या म्हणाल्या होत्या.

आता कायद्याचं बोलते, थोडक्यात. पूर्वी वस्तू बिघडली तर बदलून द्या, एवढंच भांडण असायचं. आता कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटी आली आहे. म्हणजे वस्तूने माणसाला इजा केली तर बनवणारा जबाबदार. दोष तीन ठिकाणी असू शकतो. बनवताना चूक झाली, किंवा मुळात डिझाइनच चुकीचं, किंवा धोक्याची नीट सूचना दिली नाही. ह्यातलं एक जरी दाखवलं तरी पुष्कळ होतं.

आमच्याकडे तिन्ही दोष होते. आयोगाने एका कॉलेजातले इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक तज्ज्ञ म्हणून नेमले होते. त्यांनी अपघाताचा कूलर तपासला. एक, कंपनीने कूलर देखणा दिसावा म्हणून बटणं समोरून काढून बाजूला नेली होती, नेमकी डाव्या जाळीच्या वर. बटणांच्या डबीला वायर जाण्यासाठी भोक होतं, ते उघडंच. दोन, अर्थिंगची हिरवी वायर बॉडीला स्क्रूने बसवली होती, पण रंगावर. रंग खरवडलाच नव्हता. अर्थिंग म्हणजे काय, तर बॉडीत करंट उतरला तर त्याला जमिनीत जायची वाट. रंगातून करंट जात नाही. म्हणजे वाट होती, पण तिच्या तोंडावर भिंत बांधलेली. तीन, सूचना. ती पुस्तिकेत शेवटच्या पानावर इंग्रजीत बारीक अक्षरात होती. विजेचे भाग पाण्यापासून दूर ठेवावेत. पाण्यावर चालणाऱ्या वस्तूच्या पुस्तिकेत! मी ते वाचून एकटीच हसले होते.

इतकं सगळं असूनही केस अडली. कंपनीचे वकील पारेख मुंबईहून यायचे. हुशार माणूस, बोलणं मऊ. त्यांचं म्हणणं असं की रंगाचा प्रकार ह्या एकाच पीसमधला, कदाचित गिऱ्हाइकाच्या मिस्त्रीने केलेला. आणि मुख्य मुद्दा म्हणजे मिसयूज. वस्तू भलत्याच पद्धतीने वापरली.

"विजेच्या चालू वस्तूवर मगाने पाणी फेकणं," पारेख आयोगाच्या अध्यक्ष मॅडमना म्हणाले, "मॅडम, हा वापर आहे का? उद्या कोणी मिक्सर नळाखाली धरेल. त्याला कंपनी जबाबदार?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. हा माणूस ढोंग करत नव्हता. त्यांच्या घरी एसी होता, त्यांच्या आईच्या घरी पंखा. कूलर त्यांनी फक्त फोटोत बघितलेला.

तुम्ही म्हणाल, मग तुम्ही का नाही सांगितलंत की इथे सगळेच पाणी टाकतात? गंमत हीच आहे की तेव्हा ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जी गोष्ट आपण रोज करतो ती आपल्याला दिसत नाही. मी अपघाताच्या दिवसाचा, वायरचा, स्क्रूचा कीस पाडत बसले होते.

ते दिसलं एका रविवारी. जेवण झालं होतं, लाइट गेली होती, मी पलंगावर आडवी होते. बाहेर बहाव्याची पिवळी फुलं रस्त्यावर गळत होती. एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. ऊन इतकं पांढरं की समोरची बिल्डिंग विरघळतेय असं वाटावं. मला झापड आली होती, धड झोपही नाही, धड जागही नाही. तेवढ्यात लाइट आली. सगळ्या बिल्डिंगचे कूलर एकदम घरघरले. आणि मग वरच्या मजल्यावरून आवाज आला, छपाक. मग शेजारून, छपाक. मग समोरच्या गॅलरीतून, मागच्या गल्लीतून, एकामागून एक. अर्धवट झोपेत मला वाटलं, सगळं शहर कुठेतरी नदीत उतरतंय, एकेक पाऊल टाकत. फार छान वाटलं. मग आमच्याच घरात आवाज आला. माझे मिस्टर हातात मग घेऊन कूलरजवळ उभे होते.

मी ताडकन उठून बसले.

"काय झालं?" ते म्हणाले.

"काय केलंत तुम्ही आत्ता?"

"काय केलं? कूलर लावला."

बघा! त्यांच्या लेखी ते पाणी टाकणं नव्हतंच. ते कूलर लावणंच होतं.

मी पुढच्या तारखेला ते मांडलं. कायद्यात एक साधं तत्त्व आहे. लोक वस्तू कशी वापरणार हे बनवणाऱ्याला आधी कळण्याजोगं असेल तर तो मिसयूज म्हणून हात झटकू शकत नाही. नागपुरात कूलर विकायचा तर नागपूरकर त्यावर पाणी टाकणार, हे धरूनच तो बनवला पाहिजे. मी कमलताईंच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची शपथपत्रं जोडली. पारेख गोड हसले.

"मॅडम, दहा जण सिग्नल तोडतात म्हणून सिग्नल तोडणं हा नियम होत नाही. शिवाय हे सगळे बाईंचे ओळखीचे. आमच्या कंपनीची माणसं वर्षानुवर्षं ह्या शहरात सर्व्हिस देतात. असली पद्धत त्यांनी कधी पाहिलेली नाही. आमचे सर्व्हिस मॅनेजर तसं शपथेवर सांगताहेत."

सर्व्हिस मॅनेजर म्हणजे ठवकर. इथलेच, नागपूरच्या महाल भागात वाढलेले. त्यांनी खाली मान घालून होकार दिला. मला त्यांचा राग आला, पण खरं सांगायचं तर थोडी कीवही आली. नोकरी माणसाला काय काय न बघितल्यासारखं करायला लावते.

मग पारेखांनी स्वतःहूनच सुचवलं. त्याच मॉडेलचा नवा कोरा कूलर आणतो, इथेच आयोगासमोर चालवून दाखवतो. नेहमीच्या वापरात पाण्याचा थेंबही बटणांपर्यंत पोचत नाही हे डोळ्यांनी बघा. अध्यक्ष मॅडमनी परवानगी दिली. आणि त्याच संध्याकाळी तो सेटलमेंटचा ड्राफ्ट आला. रक्कम बरी होती. अट एकच. आईने लिहून द्यायचं की अपघात माझ्या चुकीमुळे झाला. कंपनीला पैशांचं काही नव्हतं. त्यांना बाकीचे विकलेले निळे कूलर डोळ्यांसमोर दिसत होते. कमलताईंचा कबुलीजबाब मिळाला की ते घेणाऱ्या सगळ्यांचं तोंड बंद.

तर ती दुपार. कमलताई सही करायला निघालेल्या, प्रणिता अडवतेय, पेन माझ्या हातात.

"एक तारीख थांबा," मी म्हटलं. "त्यांचा कूलर चालवून होऊ द्या. तिथे त्यांचं खरं ठरलं तर मी स्वतः तुम्हाला पेन देईन."

कमलताईंनी ड्राफ्टची घडी घालून तो माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "एक तारीख. पण मॅडम, मले काही वेगळं ऐकायची आशा नोको लावू तुम्ही."

तारखेच्या दिवशी आयोगाच्या व्हरांड्यात कूलर ठेवला गेला. तोच निळा रंग. कमलताई खांबाला टेकून उभ्या राहिल्या, शक्य तितक्या लांब. प्रणिताने त्यांचा दंड धरला होता. अध्यक्ष मॅडम खुर्ची घेऊन बसल्या. पारेख काळ्या कोटात उकडून निघत होते. आयोगाने नेमलेले प्राध्यापक हातात टेस्टर घेऊन आले. टेस्टर म्हणजे स्क्रूड्रायव्हरसारखी ती कांडी, करंट असला की आत लाल दिवा लागतो. मी आधी त्यांना व्हरांड्यातल्या प्लगची अर्थिंग तपासायला लावली. ती ठीक होती. ते मी लिहून घ्यायला लावलं. नंतर कोणी म्हणायला नको की भिंतीचा दोष.

ठवकरांनी बादलीने टाकी भरली. झाकण लावलं. बादलीत तळाला थोडं पाणी उरलं, त्यात मग तरंगत होता. तो मग मी ठेवला नव्हता, हे मी नंतर पारेखांना शपथेवर सांगितलं. नागपुरात बादलीत मग असतोच.

"चालू करा," अध्यक्ष मॅडम म्हणाल्या.

पंखा फिरला. भट्टीचं दार उघडावं तसा वारा तोंडावर आला. अध्यक्ष मॅडमनी तोंड फिरवलं. नवं कोरं गवत, पंप नुकताच चालू झालेला, पाणी वर चढून पाझरायला वेळ लागणारच. सगळे थांबले. व्हरांड्यापलीकडे ऊन तरंगत होतं. कूलरची ती एकसुरी घरघर. माझे डोळे जड व्हायला लागले, भर सुनावणीत, एवढ्या महत्त्वाच्या वेळी. मला वाटतं तिथे सगळ्यांचंच तसं झालं होतं. स्टेनोसुद्धा जांभई दाबत होता.

ठवकर कूलरच्या बाजूला उभे होते. घामाने डबडबलेले. त्यांनी एकदा जाळीकडे बघितलं, कोरडी होती. मग जणू काही घरातच आहेत असे ते वाकले, बादलीतला मग उचलला, आणि डाव्या जाळीवर पाणी फेकलं.

छपाक.

पारेखांचं तोंड उघडंच राहिलं. आणि ठवकर, वारा गार झाला का बघायला, हात पुढे करून समोरच्या जाळीकडे निघाले.

"अरे हात नोको लावू गा बापा!"

असा आवाज मी कमलताईंच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. खांबापासून त्या धावत आल्या. प्रणिताचा हात कधी सुटला ते तिलाही कळलं नसेल. त्यांनी ठवकरांचा शर्ट मागून मुठीत धरला आणि असा ओढला की तो धिप्पाड माणूस दोन पावलं मागे येऊन बादलीवर आदळला. पाणी सांडलं, प्लास्टिकचा मग गडगडत गेला.

"काहून गेला तिकडं? मरतं का?" त्या ओरडत होत्या. "लेकरंबाळं आहेत का नाही घरी?"

प्राध्यापक पुढे झाले. त्यांनी कोरड्या जागी उभं राहून टेस्टरचं टोक कूलरच्या बॉडीला लावलं. लाल दिवा लागला. त्या उन्हातसुद्धा सगळ्यांना दिसला. त्यांनी प्लग काढला, मागची जाळी उघडली आणि हिरव्या वायरचा स्क्रू सैल केला. खाली सुंदर, अखंड निळा रंग.

"रंगावरच बसवलाय," ते म्हणाले. "ह्याही पीसमध्ये."

ठवकर आपल्या हाताकडे बघत होते. पालथा, उताणा, परत पालथा. तो हात जाळीपासून वीतभर लांब होता.

अध्यक्ष मॅडमनी चष्मा पुसला. "ठवकर, पाणी का टाकलंत?"

"मॅडम..." त्यांनी पारेखांकडे बघितलं. पारेख फाइलमध्ये बघत होते. "सवय आहे मॅडम. हात गेला."

"किती दिवसांची सवय?"

"लहानपणापासूनची. सगळेच टाकतात, मॅडम."

"लिहा," अध्यक्ष मॅडम स्टेनोला म्हणाल्या.

आणि तेव्हा कमलताई मटकन खाली बसल्या, त्या सांडलेल्या पाण्यातच. मी धावले, प्रणिता धावली. आम्हाला वाटलं चक्कर आली. त्या रडत होत्या, आणि मला आधी कळेना, पण मधेच हसतही होत्या. ठवकरांकडे बोट दाखवत प्रणिताला म्हणाल्या, "पाह्यलं का वं? यानंबी टाकलं! याचाबी हात गेला! कंपनीचा माणूस आहे, शिकलेला आहे, तरी टाकलं!"

"हो आई."

"मंग माह्या एकटीचा काय गुन्हा होता वं?"

प्रणिताने त्यांना कवटाळलं, उजव्या हातानेच, न वळणाऱ्या बोटांनी. मी तोंड फिरवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि समोर विरोधी वकील उभा होता. ठवकर जवळ आले. खाली वाकून म्हणाले, "माय, तुमचे उपकार झाले." कमलताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि रागावून म्हणाल्या, "घरी गेला की आधी बायकोले सांग. तीबी टाकत असन."

निकाल आमच्या बाजूने लागला. कंपनी जबाबदार. उपचाराचा खर्च, भरपाई, आणि विकलेले सगळे कूलर परत बोलावून फुकट दुरुस्त करून द्यायचे. निकालात असंही आलं की हा वापर इथला नेहमीचा आहे आणि तक्रारदाराच्या आईची त्यात काही चूक नाही. कंपनी अपिलात गेली. टिकलं नाही. पारेखांनी मला फोन करून अभिनंदन केलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्या शहरात येऊन डेमो द्यायचा नसतो, हे मी शिकलो." मी म्हटलं, "द्या की. पण जानेवारीत द्या."

पुढच्या उन्हाळ्यात मी कोराडीला गेले. काही कागदांवर प्रणिताची सही हवी होती. ऑपरेशन झालं होतं. एक बोट वळायला लागलं आहे, दुसरं नाही, आणि आता वळणारही नाही, असं डॉक्टर म्हणतात. ती डाव्या हाताने रक्त घ्यायला शिकते आहे. मी म्हटलं, माझी शुगर बघ. तिने सुई टोचली. चांगलीच दुखली.

"दुखलं का, मॅडम?"

"नाही गं."

"वकील आहात म्हणून किती खोटं बोलाल?" ती हसली. मग ती गंभीर झाली आणि म्हणाली, "पहिल्यासारखा नाही होणार आता हात." ते खरं होतं, आणि ते कुठल्याही निकालाने परत आणता आलं नव्हतं.

घरात नवा कूलर होता. साधा, बटणं समोर. दुपार टळटळीत. कमलताई स्वयंपाकघरातून मग घेऊन आल्या. कूलरसमोर थांबल्या. मला वाटलं, आता परत जातील. त्यांनी आधी प्लग काढून हातात घेतला, नीट बघितला, बाजूला ठेवला. मग मगभर पाणी घेऊन जाळीवर टाकलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. फडक्याने हात कोरडे केले. प्लग लावला. आणि खुर्ची ओढून थेट वाऱ्यात बसल्या, अगदी समोर.

"बसा मॅडम. उन्हात कुठं जाता?"

मी बसले. खसाचा वास यायला लागला. बाहेर कोराडीच्या वीज केंद्रातल्या राखेचे ट्रक कुठेतरी लांबून जात होते, त्यांचा आवाज कमी कमी होत गेला. प्रणिता भिंतीला टेकून मोबाइल बघत होती. कमलताईंची मान हळूहळू एका बाजूला कलली. तोंड थोडं उघडं, केस उडताहेत. गाढ. प्रणिताने मला खूण केली, बघा. मी मान हलवली. मग माझाही डोळा लागला, अशिलाच्या घरी, फाइल मांडीवर घेऊन. माझ्या वकिलीत असं पहिल्यांदाच झालं.

लोक मला विचारतात, ह्या केसमधून शिकायचं काय? शिकायचं एवढंच की कूलरवर पाणी टाकायचं असेल तर आधी प्लग काढा. टाकू नका असं मी सांगणार नाही, तुम्ही ऐकणार नाही, आणि मीही टाकते. कायदा तुमच्या बाजूने आहे. पण कायदा तारखांनी येतो, करंट लगेच येतो.